भरावावरून दिसणारं पाणी

बार्शी-सोलापूर रस्त्यावरचं वैराग लोकांना ठाऊक आहे ते ज्वारीमुळे आणि बाजारपेठेमुळे. पाण्याकाठी फिरायला म्हणून इथे कुणी येत नाही. जिल्ह्याचा सरासरी पाऊसच साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे सहल म्हटलं की महाबळेश्वर, नाहीतर कोकण. पण आमच्याच बार्शी तालुक्यात भोगावती नदीवर हिंगणीचा मध्यम प्रकल्प आहे, जवळगावचाही आहे. सांडवा वाहू लागला की त्या दोन-चार दिवसांत सगळं गाव तिथे लोटतं. एरवी तो काठ गुराख्यांचा, मासे धरणाऱ्यांचा आणि पाखरांचा.

धरणाकडे आपण फक्त पाळीपत्रकाच्या नजरेनं पाहिलं, आणि त्यात आपलं मोठं नुकसान झालं, असं मला मनापासून वाटतं.

पाखरांचंच बघा. धरण तुडुंब असतं तेव्हा काठाला खोल पाणी असतं आणि चिखलात वावरणाऱ्या पक्ष्यांना पाय टेकायला जागा नसते. पाणी ओसरू लागलं की ओल्या गाळाचा पट्टा उघडा पडतो. त्यातले किडे, शंख, कोवळं गवत यांसाठी पाखरं उतरतात. उजनीच्या फुगवट्यावर, भिगवणच्या बाजूला, रोहित पक्षी जानेवारीनंतर जास्त दिसतात त्याचं एक कारण हेच. सोलापूरजवळचा हिप्परगा तलाव इंग्रजांनी अदिला नदीवर १८७१ मध्ये पुरा केला. हेतू होता पाणीपुरवठ्याचा, पण आज तिथे थंडीत पट्टकादंब येतात. हिमालय ओलांडून आलेला हा हंस दिवसा पाण्यावर विसावतो आणि अंधार पडता-पडता हरभऱ्याच्या रानात चरायला उतरतो. शेतकऱ्याची त्याबद्दलची तक्रार खरी आहे, पण त्याच्या थव्याचा आवाज पहाटेच्या धुक्यात एकदा ऐकलेला माणूस तो विसरत नाही.

मारुती चितमपल्ली हे सोलापूरचेच. जन्म १९३२ चा. वनखात्यात आयुष्य घालवून त्यांनी पाखरांची मराठी नावं गोळा केली, 'पक्षीकोश' लिहिला. २०२५ साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते सोलापुरातच गेले. ज्या जिल्ह्यानं असा माणूस दिला, तिथल्या शाळांची सहल एकदा तरी तलावाच्या भरावावर जायला हवी. वैरागहून सोलापूरकडे जाताना नान्नजचं माळढोक अभयारण्यही वाटेतच आहे. माळढोक आता दुर्मीळ झाला, पण काळवीट आणि लांडगा त्या माळावर अजून आहेत.

आता पोहण्याचं. माझ्या पिढीला विहिरीनं पोहायला शिकवलं. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधायचा आणि चुलत्यानं वरून ढकलून द्यायचं. नाकातोंडात पाणी जायचं, रडू यायचं, आणि आठवड्याभरात तोच पोरगा धावेवरून मुटका मारायचा. पुढे विंधनविहिरी आल्या, जुन्या विहिरींत पाणी टिकेना, आणि ही शाळा बंद पडली. आज धरणाच्या काठी मोबाइल घेऊन उभ्या असलेल्या पोरांपैकी किती जणांना पोहता येतं, हे त्यांच्या आईबापांनी विचारावं. वरून शांत दिसणाऱ्या या पाण्याखाली गाळ असतो, बुडालेल्या बाभळी असतात, जुन्या विहिरी आणि नदीचं मूळ पात्र असतं. गुडघाभर पाण्यातून एकाच पावलात माणूस खोलात जातो.

२१ मे २०२४ ला उजनी जलाशयात करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीला निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. एक जण पोहत काठाला लागला. ती मौजेची फेरी नव्हती, रोजच्या येण्याजाण्याची वाट होती. म्हणूनच ही दुर्घटना मला जास्त लागली. सात माणसांच्या होडीत सात जीवरक्षक जाकिटं ठेवायला फार मोठा खर्च येत नाही. उन्हाळ्यात दुपारनंतर वळवाचं वारं सुटतं, तेव्हा होडी काढायची नाही, हा नियम तर फुकटच पाळता येतो.

पाण्याकाठी हॉटेलं आणि गाण्यांचे भोंगे यावेत, असं मी म्हणत नाही. हवं ते थोडंच आहे. भरावाच्या पायथ्याशी लिंबा-चिंचेची सावली, खोल जागा दाखवणारे मराठी फलक, काठावर दोर आणि हवा भरलेल्या ट्यूब, गळ टाकणाऱ्यांसाठी ठरलेली जागा. ज्या गावांत मासे धरणारी माणसं आहेत, त्यांच्यातल्याच तरुणांना बचावाचं शिक्षण आणि त्याचा पगार द्यावा. त्यांच्याइतकं ते पाणी कुणाला कळतं?

दिवाळीच्या सुट्टीत विहिरी भरलेल्या असतात. यंदा पोरांना फटाक्यांबरोबर पाठीला बांधायचा डबाही द्या, सोबत पट्टीचा पोहणारा ठेवा आणि त्यांना पोहायला शिकवा. ती तरंगू लागली की मग डिसेंबरातल्या एखाद्या पहाटे दुर्बीण आणि भाकरी घेऊन त्यांना हिंगणीच्या काठावर न्या.