भाडं कुठलं?

भिवंडीच्या अंजूरफाट्यावर रांगेतल्या टेम्पोवाल्याकडे गेलं, की पहिला प्रश्न येतो, “भाडं कुठलं?” दुसरा, “माल काय?” आणि तिसरा, “हमाल कोणाचा?” या तिन्हींची उत्तरं मिळाल्याशिवाय तो आकडा बोलत नाही. किती किलोमीटर, हे मात्र तो विचारत नाही. ठाणं इथून साधारण 15 किलोमीटरवर. पण ठाण्याच्या वेशीवरच्या माजिवड्याला पोहोचायला किती वेळ लागेल, ते घड्याळात किती वाजलेत त्यावर ठरतं. भिवंडीत गाडी भाड्याने घ्यायची म्हणजे मुळात टेम्पोवाल्याचे तास विकत घ्यायचे.

भिवंडी यंत्रमागांचं शहर. सायझिंगमधून, म्हणजे सुताला खळ लावण्याच्या कारखान्यातून, निघालेली सुताची जड बीम मागांच्या कारखान्यात न्यायची, सूत आणायचं, विणलेलं, अजून न रंगवलेलं ग्रे कापड रंगाईला किंवा मुंबईच्या मुळजी जेठा मार्केटकडे धाडायचं. प्रत्येक टप्प्याला एक भाडं. धाग्याचा सदरा होईपर्यंत तो किती टेम्पोंमधून फिरतो, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. सरकारला मात्र ही ये-जा ठाऊक आहे. जीएसटीनंतर माल हलवण्यासाठी ई-वे बिल आलं, तेव्हा महाराष्ट्राने जून 2018 च्या अधिसूचनेत जॉबवर्कसाठी जाणाऱ्या सूत, कापड आणि तयार कपड्यांना राज्यातल्या 50 किलोमीटरपर्यंत त्या बिलातून सूट दिली. ही सवलत नसती, तर गल्लीतून गल्लीत जाणाऱ्या बीमसाठीही ठरावीक किमतीपुढे कागद काढावा लागला असता.

कापडानंतर आली गोदामं. राहनाळ, पूर्णा, काल्हेर, कोपर, दापोडे, वळ, माणकोली ही गावं महापालिकेच्या हद्दीबाहेरची, ग्रामपंचायतींची. जकात होती तोवर माल शहरांच्या वेशीबाहेर उतरवून ठेवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा, हे व्यापाऱ्याला परवडायचं. मुंबईची जकात 1 जुलै 2017 ला जीएसटीबरोबर संपली. तेव्हा ही गोदामं ओस पडतील, असं कुणालाही वाटलं असतं. घडलं उलटं. राज्याराज्यांत वेगळं गोदाम ठेवण्याची करापुरती गरज संपली, कंपन्यांनी माल मोजक्या ठिकाणी एकवटला आणि त्या मोजक्या ठिकाणांत भिवंडी आली. अॅमेझॉन, फ्लिपकार्ट यांची गोदामं इथे आहेत. भिवंडीभोवतालच्या 60 गावांच्या नियोजनाचं काम मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (एमएमआरडीए) आहे. तरी गोदामांना जाणाऱ्या कित्येक रस्त्यांवर समोरासमोर दोन ट्रक आले, की एकाला मागे सरकावं लागतं.

यात टेम्पो मधला दुवा ठरतो, तो वेळेच्या नियमामुळे. ठाणे शहरातून जड वाहनांना कित्येक वर्षं ठरावीक तासांतच वाट मिळत आली आहे: साधारण दुपारी 12 ते 4 आणि रात्री 10 ते पहाटे 5. अधिसूचनेगणिक वेळा थोड्या हलतात. मुंबईतही गर्दीच्या तासांत जड वाहनांवर बंदी असते. म्हणून मोठा ट्रक गोदामाशी रिकामा होतो आणि त्याच्या पोटातला माल लहान गाड्यांत वाटला जातो. माणकोलीला दुपारी बाराच्या सुमारास कोंडलेलं पाणी सोडल्यासारखे ट्रक सुटतात, तेव्हा लहान टेम्पोवालाही त्यांच्यातच अडकतो.

‘टेम्पो’ हा शब्द जर्मनीतून आला. हाम्बुर्गच्या हारबुर्ग भागातल्या एका कारखान्याच्या गाड्यांचं ते नाव. 1958 मध्ये एन. के. फिरोदियांनी त्या कंपनीच्या सहकार्याने बजाज टेम्पो उभी केली, तीनचाकी हान्सिआट रस्त्यावर आणली आणि मराठीने ब्रँडचं नाव सगळ्या जातीलाच देऊन टाकलं. आज रांगेत सगळ्यात जास्त दिसतो तो टाटा एस, म्हणजे ‘छोटा हत्ती’. 2005 मध्ये तो आला, तेव्हा त्याची वहनक्षमता पाऊण टन होती. मोटार वाहन कायद्याच्या कलम 66 नुसार 3,000 किलोपर्यंत एकूण वजनाच्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. एक गाडी, एक कर्ज आणि एक लायसन्स एवढ्यावर माणूस धंद्यात उभा राहू शकतो तो यामुळे. लायसन्सचा जुना घोळही 6 नोव्हेंबर 2024 ला मिटला: हलक्या वाहनाचं लायसन्स असलेला चालक 7,500 किलोपर्यंतचं मालवाहू वाहन चालवू शकतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने दिला. त्याआधी अपघातानंतर विमा कंपनी याच मुद्द्यावर बोट ठेवायची.

आता दर. मुंबई महानगर प्रदेशात रिक्षाचं किमान भाडं 1 फेब्रुवारी 2025 पासून 23 वरून 26 रुपये झालं, ते परिवहन प्राधिकरणाने ठरवलं आणि मीटरवर दिसतं. माल टेम्पोला मीटर नाही. त्याचा दर नाक्यावर, फोनवर किंवा 2014 पासूनच्या पोर्टरसारख्या अॅपवर ठरतो. अॅप ठरावीक मिनिटं मोफत थांबू देतं आणि पुढे मिनिटाला पैसे लावतं. नाक्यावरच्या भाड्यात थांबण्याचा मोबदला तोंडी वादावरच ठरतो. गेटपास, डॉक, मोजणी यांत दुपार गेली, तरी ठरलेलं भाडं तेच राहण्याचा धोका असतो. वर वाराई, म्हणजे गाडीवाल्याकडून घेतली जाणारी हमाली, आहेच. ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही वाहतूकदारांची जुनी मागणी आहे, आणि ती रास्त आहे. माल चढवला-उतरवला कोणासाठी, हे उघड असताना गाडीवाल्याच्या खिशात हात घालण्याचं कारण नाही. हमालांच्या बाजूने 1969 चा माथाडी कायदा उभा राहिला, तो मोठ्या लढ्यानंतर. गाडीवाल्याच्या बाजूने काय आहे?

1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला 48 तासांचं काम आखून दिलं होतं, पण ते पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायासाठी. स्वतःच मालक आणि स्वतःच चालक असलेला छोटा हत्तीवाला त्यात कधी बसलाच नाही. त्याचे तास फक्त हप्त्याची तारीख मोजते. रांगेत थांबायला सावली, जवळ स्वच्छ संडास आणि झोपेपुरती गाडी लावायला जागा या गोष्टी गोदामाच्या नकाशातच मंजूर व्हायला हव्यात. जिथे डॉकला जागा मिळते, तिथे डॉकवर येणाऱ्या माणसालाही मिळाली पाहिजे.

माणसांच्या प्रवासाचंही फार बरं नाही. भिवंडी रोड स्टेशन दिवा-वसई मार्गावर आहे, तिथे गाड्या मोजक्या. म्हणून लोक कल्याण-ठाण्याची रिक्षा किंवा एसटी पकडतात. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचं भूमिपूजन 18 डिसेंबर 2018 ला झालं. ‘मेट्रो 5’ नावाचा हा मार्ग माणसांसाठी आहे. कापडाच्या गाठी मात्र खालच्या रस्त्यानेच जाणार.

संध्याकाळी मुंबईच्या काळबादेवीत माल उतरवल्यावर टेम्पोवाला परतीचं भाडं शोधतो. मिळालं नाही तर रिकामी गाडी घेऊन निघतो. ताडपत्री घडी करून फाळक्याला बांधलेली, डिझेल मात्र रिकाम्या गाडीलाही लागतंच. ठाण्याच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला ट्रकांची रांग लागलेली असते, दहा वाजण्याची वाट पाहत. तो त्यांच्या बाजूने पुढे सरकतो. काशेळीचा पूल ओलांडताना फोन वाजतो. पलीकडून कोणी विचारतो, “सकाळी सहाला राहनाळला येणार का?” आणि तो विचारतो, “भाडं कुठलं?”