मेले ते गेले, मागे राहिलेल्यांचे काय?

पडद्यावर बंदुका धडाडतात, माणसे पडतात, नायक शत्रूला लोळवतो आणि आपण टाळ्या वाजवून घरी येतो. पण ज्या घरचा माणूस पडला, त्या घरी दुसऱ्या दिवशी चूल कशी पेटली, हे बहुतेक सिनेमे दाखवत नाहीत. दाखवणारे थोडे आहेत. त्यांच्याविषयी आमच्या कुटुंबांशी दोन शब्द बोलावेत, म्हणून हा लेखनप्रपंच.

कलिंगच्या युद्धात एक लाख माणसे मारली गेली, दीड लाख कैद करून नेली, अशी कबुली सम्राट अशोकाने तेराव्या शिलालेखात दिली आहे. जे वाचले त्यांनाही आप्तेष्टांच्या दुःखाचा घाव बसतो, असेही तो त्यात सांगतो. जिंकलेल्या राजाला हे दिसले, म्हणून तो धम्माकडे वळला.

हाच घाव आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ने टिपला. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. संतापलेल्या वस्तीवर राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या झाडल्या. दहा जण ठार झाले. चौथ्या दिवशी लोकशाहीर विलास घोगरे यांनी व्यथित होऊन जीवन संपवले. पटवर्धनांनी चौदा वर्षे चित्रीकरण केले आणि 2011 साली सिनेमा पूर्ण झाला. दरम्यान 2009 साली न्यायालयाने पोलीस अधिकाऱ्याला जन्मठेप सुनावली. पुढे त्याला उच्च न्यायालयातून जामीन मिळाला.

घाटंजीत आम्ही काही मंडळींनी वर्षावासात हा सिनेमा विहारात लावला. संपल्यावर कोणी उठेना. मग एक आजी म्हणाली, “मेले ते सुटले बाप्पा, मांगं राहिले त्याइले कोन पाह्यते?” सगळ्या सिनेमाचे सार तिने एका वाक्यात सांगितले.

नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ (2016) मध्येही तेच आहे. शेवटी आवाज नाही, संगीत नाही. रक्तात भरलेली इवली पावले टाकत एक मूल रडत चालत जाते. मारणारे निघून गेले. त्या लेकराचे आयुष्य मात्र आता सुरू होणार आहे.

बंधू-भगिनींनो, आता थोडे कटू बोलतो. हा प्रसंग पाहून डोळे पुसणारा आमचाच एखादा भाऊ रात्री दारू पिऊन घरी बायकोवर हात उगारतो, तेव्हा दाराआड उभे राहून पाहणारे लेकरूही मागे राहिलेलेच असते. सवर्णांच्या अत्याचाराविरुद्ध मोर्चा काढायचा आणि घरचा अत्याचार ‘खासगी’ म्हणायचा, हे पंचशीलात बसत नाही. पहिले शील हिंसेविरुद्ध आहे, पाचवे नशेविरुद्ध. बायको नवऱ्याची मैत्रीण व्हावी, गुलाम नव्हे, असे बाबासाहेबांनी 20 जुलै 1942 रोजी नागपूरच्या महिला परिषदेत सांगितले. नागपूर आपल्यापासून किती दूर आहे?

म्हणून आमची सूचना साधी आहे. वर्षावासातला एक रविवार ठरवा. असा सिनेमा विहारात सहकुटुंब पाहा. लहान मुलांना मात्र पाहवणार नाही ते दाखवू नका. नंतर अर्धा तास बसा. आधी आया-बहिणींना बोलू द्या, पुरुषांनी ऐकावे. कुणी घरचे दुःख सांगितले तर ते हसण्यावारी नेऊ नका, तिच्या पाठीशी उभे राहा. अशोकाने मागे राहिलेल्यांकडे पाहिले आणि तलवार ठेवली. आपल्याला निदान उगारलेला हात तरी खाली घेता येईल.

जयभीम!