नेता, धोरण आणि मतदाराचा निवाडा

लोकसभेच्या निवडणुकीत, एखाद-दुसऱ्या मतदारसंघाचा अपवाद सोडल्यास, मतदान यंत्रावर पंतप्रधानपदाच्या दावेदाराचे नाव नसते. तेथे असते ते त्या मतदारसंघातील उमेदवाराचे नाव आणि त्याला मिळालेले निवडणूक चिन्ह. तरीही बटण दाबताना असंख्य मतदारांच्या मनात ज्याचा चेहरा असतो तो उमेदवार नसून पक्षाचा सर्वोच्च नेता असतो. त्यामुळे एकाच बटणाने मतदार तीन प्रश्नांची उत्तरे देत असतो : आपले प्रतिनिधित्व कोणी करावे, देशाचा किंवा राज्याचा कारभार कोणत्या धोरणाने चालावा आणि त्या कारभाराची सूत्रे कोणाच्या हाती असावीत. ही तीन उत्तरे एका दिशेची असतील तर निर्णय सोपा असतो. परंतु नेता विश्वासू वाटतो आणि त्याच्या पक्षाचे शेतीविषयक धोरण पटत नाही, किंवा धोरण पटते पण ते राबवणाऱ्या नेत्याची खात्री वाटत नाही, अशी स्थिती जेव्हा येते तेव्हा कशाला किती महत्त्व द्यायचे, हा प्रश्न टाळता येत नाही. या प्रश्नाचे सर्व निवडणुकांना लागू पडेल असे एकच उत्तर नाही. मात्र ज्या पदासाठी मत द्यायचे आहे त्याचे अधिकार कोणते आणि दिलेल्या मताचा हिशेब पुढे कशाच्या आधारे मागता येईल, या दोन कसोट्या लावल्या तर निवाडा बराच स्पष्ट होतो.

घटनेतील व्यवस्था

भारताने संसदीय पद्धत स्वीकारली आहे. या पद्धतीत जनता सरकारच्या प्रमुखाला थेट निवडत नाही. ती प्रतिनिधी निवडते आणि त्या प्रतिनिधींचा विश्वास ज्या मंत्रिमंडळावर असेल तेच सत्तेवर राहते. घटनेच्या 75 व्या अनुच्छेदानुसार मंत्रिमंडळ लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असते, म्हणजेच एखाद्या निर्णयाचे उत्तरदायित्व एका व्यक्तीचे नसून संपूर्ण मंत्रिमंडळाचे असते. या रचनेचा एक परिणाम असा, की मतदाराने मनात धरलेला नेता आणि प्रत्यक्षात पदावर येणारा नेता एकच असेल याची हमी घटना देत नाही. 1991 च्या निवडणुकीचे मतदान चालू असतानाच राजीव गांधी यांची हत्या झाली आणि लोकसभेची निवडणूक न लढवलेले पी. व्ही. नरसिंह राव पंतप्रधान झाले. त्याच वर्षी रुपयाचे अवमूल्यन आणि उद्योगांवरील परवाना पद्धतीचे शिथिलीकरण यांमुळे देशाच्या अर्थनीतीला मोठे वळण मिळाले. 2004 मध्ये काँग्रेसचा प्रचार सोनिया गांधी यांच्या नेतृत्वाखाली झाला, पण पंतप्रधानपद राज्यसभेचे सदस्य असलेल्या मनमोहन सिंग यांच्याकडे गेले. त्या सरकारची खरी चौकट ठरली ती आघाडीने निकालानंतर तयार केलेल्या किमान समान कार्यक्रमाने, आणि माहितीच्या अधिकाराचा व ग्रामीण रोजगार हमीचा कायदा हे दोन्ही 2005 मध्ये त्याच चौकटीतून आले.

धोरणाचे वजन वाढवणारी दुसरी तरतूद पक्षांतरबंदीची आहे. 1985 च्या 52 व्या घटनादुरुस्तीने घटनेला दहावे परिशिष्ट जोडले गेले, आणि पक्षाच्या आदेशाविरुद्ध सभागृहात मतदान करणारा सदस्य अपात्र ठरू शकेल अशी व्यवस्था झाली. या आदेशाला पक्षादेश किंवा व्हिप म्हणतात. घोडेबाजार थांबावा हा या तरतुदीचा हेतू असला, तरी तिचा अर्थ असाही होतो की मतदारसंघातील उमेदवार कितीही सज्जन आणि अभ्यासू असला तरी एखाद्या विधेयकावर त्याचे मत बहुधा त्याच्या विवेकाने ठरत नाही, पक्षाच्या भूमिकेने ठरते. म्हणूनच ‘उमेदवार चांगला आहे, पक्ष कोणताही असो’ हा विचार नैतिकदृष्ट्या आकर्षक वाटला तरी लोकसभा आणि विधानसभेच्या बाबतीत अपुरा पडतो.

वलय का निर्माण होते

जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी अधिसत्तेचे, म्हणजे लोक ज्या सत्तेला मनोमन मान्यता देतात तिचे, तीन प्रकार सांगितले : परंपरेतून येणारी, कायद्यातून येणारी आणि व्यक्तीच्या असामान्य गुणांवरील श्रद्धेतून येणारी. या तिसऱ्या प्रकाराला करिश्मा किंवा वलय असे म्हटले जाते. वलय हे नेत्याच्या अंगचे जेवढे असते तेवढेच ते अनुयायांच्या विश्वासातून घडलेले असते, आणि नेमक्या त्याच कारणाने ते वारसाला किंवा संस्थेला जसेच्या तसे सोपवता येत नाही.

मतदार वलयाकडे ओढला जातो तो केवळ भावनेच्या आहारी जाऊन, असे मानणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. अमेरिकी अभ्यासक अँथनी डाउन्स यांनी 1957 मध्ये असे प्रतिपादन केले, की लाखो मतांमधील एका मताने निकाल बदलण्याची शक्यता अत्यल्प असल्यामुळे प्रत्येक धोरणाचा सखोल अभ्यास करण्यात वेळ घालवणे सामान्य मतदाराला परवडत नाही, म्हणून तो थोडक्या खुणांवरून अंदाज बांधतो. नेत्याची भाषा, त्याची पार्श्वभूमी, संकटातील त्याचे वर्तन या अशाच खुणा होत. शिवाय कोणताही जाहीरनामा पुढील पाच वर्षांत येणाऱ्या प्रत्येक प्रसंगाची कल्पना करू शकत नाही. 2019 च्या कोणत्याही पक्षाच्या जाहीरनाम्यात 2020 च्या करोना साथीला उत्तर नव्हते. अशा वेळी निर्णय घेणाऱ्याचा स्वभाव, त्याची सल्ला ऐकण्याची तयारी आणि त्याचा संयम हेच धोरणाची जागा घेतात.

1971 च्या लोकसभा निवडणुकीत व्यक्ती आणि धोरण यांची एवढी सरमिसळ झाली, की ती वेगळी करणे अवघड होते. विरोधकांचा रोख ‘इंदिरा हटाव’ असा होता, तर इंदिरा गांधी यांनी ‘गरिबी हटाव’ ही घोषणा दिली. 1969 मध्ये झालेल्या 14 बँकांच्या राष्ट्रीयीकरणामुळे त्या घोषणेला धोरणाचा आधारही होता. त्यांच्या पक्षाला 518 पैकी 352 जागा मिळाल्या. 2014 च्या निवडणुकीपूर्वी, सप्टेंबर 2013 मध्ये, भारतीय जनता पक्षाने नरेंद्र मोदी यांना पंतप्रधानपदाचे उमेदवार म्हणून जाहीर केले आणि 282 जागा मिळवून स्वबळावर बहुमत गाठले. लोकनीती या अभ्याससंस्थेच्या मतदानोत्तर पाहणीत त्या वेळी राष्ट्रीय लोकशाही आघाडीच्या सुमारे एक चतुर्थांश मतदारांनी, मोदी उमेदवार नसते तर आपण वेगळा विचार केला असता, असे सांगितले होते. याचा दुसरा अर्थही ध्यानात घेण्याजोगा आहे : उरलेले तीन चतुर्थांश मतदार पक्ष, विचारसरणी, उमेदवार किंवा सत्ताधाऱ्यांवरील नाराजी अशा अन्य कारणांनी त्या आघाडीकडे वळलेले होते. सर्वांत प्रभावी वलयालाही पक्षाच्या पायाची गरज लागते.

वलयाचे धोके

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेतील भाषणात, राजकारणातील विभूतिपूजा अधोगतीकडे आणि अखेरीस हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा दिला आणि कितीही थोर पुरुष असला तरी त्याच्या चरणी आपले स्वातंत्र्य वाहू नये, हा जॉन स्टुअर्ट मिल यांचा विचार सभागृहापुढे ठेवला. त्याच्या बारा वर्षे आधी, नोव्हेंबर 1937 मध्ये, ‘मॉडर्न रिव्ह्यू’ या मासिकात ‘चाणक्य’ या टोपणनावाने एक लेख प्रसिद्ध झाला होता. लोकप्रियतेच्या शिखरावर असलेले जवाहरलाल नेहरू हुकूमशहा होण्याचा धोका आहे, असे त्यात म्हटले होते आणि तो लेख स्वतः नेहरूंनीच लिहिलेला होता. वैचारिक मतभेद असलेल्या या दोन नेत्यांनी एकाच धोक्याकडे बोट दाखवावे, ही गोष्ट मतदाराने गांभीर्याने घेण्यासारखी आहे. 1971 मध्ये प्रचंड बहुमत मिळवणाऱ्या सरकारनेच 1975 मध्ये आणीबाणी लादली, आणि तोपर्यंत पक्षांतर्गत विरोधाचा आवाज इतका क्षीण झाला होता की तिला आतून अटकाव झाला नाही.

पक्षाची ओळख व्यक्तीशी जखडली गेली की त्याचे परिणाम संघटनेलाही भोगावे लागतात. महाराष्ट्रात 2022 मध्ये शिवसेनेत आणि 2023 मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये फूट पडली, तेव्हा 2019 मध्ये एका चिन्हावर मिळालेल्या मतांचा वारसा कोणाचा, हा प्रश्न निवडणूक आयोग, विधानसभा अध्यक्ष आणि सर्वोच्च न्यायालय यांच्यापुढे गेला. दोन्ही पक्षांच्या बाबतीत आयोगाने निर्णय दिला तो लोकप्रतिनिधींच्या बहुमताच्या निकषावर. कोणत्या गटाची बाजू योग्य, हा स्वतंत्र वादाचा विषय आहे. परंतु ज्या पक्षांत पदाधिकाऱ्यांच्या निवडणुका नियमाने होतात आणि भूमिका लेखी ठरावांतून स्पष्ट होतात, त्यांच्या मतदाराला आपण कशासाठी मत दिले होते हे सांगता येते, आणि जेथे सारा व्यवहार निष्ठेवर चालतो तेथे तो मतदार निराधार होतो, हे या घटनांमधून दिसून आले.

धोरणाचे सामर्थ्य आणि धोरणाची मर्यादा

नेत्यापेक्षा धोरण दीर्घायुषी असते, याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण रोजगार हमी योजना हे आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेल्या या योजनेचा विस्तार 1972 च्या दुष्काळात झाला, तिच्या खर्चासाठी 1975 मध्ये व्यवसाय कराची तरतूद करण्यात आली, 1977 मध्ये तिला कायद्याचे रूप मिळाले आणि 1979 च्या प्रजासत्ताक दिनापासून तो कायदा अमलात आला. या सात वर्षांत राज्याने वसंतराव नाईक, शंकरराव चव्हाण, वसंतदादा पाटील आणि शरद पवार असे चार मुख्यमंत्री पाहिले, सत्तेतील पक्षांची जुळणीही बदलली. पण योजना टिकली, कारण तिच्यामागे सर्वपक्षीय सहमती, श्रमिकांच्या संघटनांचा रेटा आणि पैशाची निश्चित तरतूद होती. मजुराला काम मागण्याचा जो हक्क मिळाला तो कोणाच्या कृपेवर अवलंबून राहिला नाही.

याच्या उलट, केवळ कागदावरचे धोरण किती काळ निष्प्रभ राहू शकते हे महिला आरक्षणाच्या विधेयकाने दाखवून दिले. 1996 मध्ये ते प्रथम मांडले गेले, त्यानंतर प्रमुख पक्षांच्या जाहीरनाम्यांत त्याचा वारंवार उल्लेख झाला, 2010 मध्ये राज्यसभेने ते मंजूरही केले, तरी घटनादुरुस्ती व्हायला सप्टेंबर 2023 उजाडले. धोरणाला पाठपुरावा करणारे नेतृत्व लाभले नाही तर जाहीरनाम्यातील वाक्य वाक्यच राहते. म्हणून नेत्याकडे धोरणाचा पर्याय म्हणून पाहण्याऐवजी ते धोरण प्रत्यक्षात उतरण्याची शक्यता किती, याचा पुरावा म्हणून पाहणे अधिक योग्य ठरते.

पदानुसार तोल

पदाच्या स्वरूपानुसार हा तोल बदलायला हवा. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या निवडणुका पक्षचिन्हांवर होत नाहीत आणि सरपंच थेट जनतेतून निवडला जातो. तेथे पाणीपुरवठा, दिवाबत्ती, गावातील रस्ते यांचा कारभार एका परिचित व्यक्तीच्या प्रामाणिकपणावर आणि उरकावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असतो, त्यामुळे व्यक्तीला झुकते माप देणे रास्त आहे. लोकसभेत मात्र आयात-निर्यात, बँकिंग, संरक्षण असे विषय येतात. डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली आणि मे 2024 मध्ये ती पुन्हा खुली केली. या काळात नाशिकच्या कांदा उत्पादकाच्या हाती काय पडणार हे ठरवणारी गोष्ट नेत्याचे वक्तृत्व नव्हती, तर ग्राहकाला स्वस्त कांदा आणि उत्पादकाला रास्त भाव यांपैकी सरकारचे धोरण कशाला अग्रक्रम देते ही होती. विधानसभेचे स्थान या दोहोंच्या मधले आहे, कारण आरोग्य, पोलीस, सिंचन यांसारखे विषय राज्याच्या सूचीत असतात आणि आमदाराचा स्थानिक पाठपुरावाही तेथे उपयोगी पडतो.

जाहीरनामा वाचताना तीन गोष्टी तपासता येतात : आश्वासनाचा विषय त्या सरकारच्या अधिकारात येतो का, त्यासाठी पैसा कोठून येणार हे सांगितले आहे का, आणि पक्षाने पूर्वी सत्तेत असताना त्याच विषयावर काय केले. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालानंतर निवडणूक आयोगाने आदर्श आचारसंहितेत जाहीरनाम्यांविषयीचा स्वतंत्र भाग घातला असून, आश्वासनांमागील तर्क आणि निधीचे मार्ग ढोबळमानाने तरी सांगावेत, अशी अपेक्षा त्यात व्यक्त केली आहे. उमेदवाराची मालमत्ता, शिक्षण आणि त्याच्यावरील फौजदारी प्रकरणे यांची माहिती 2002 आणि 2003 च्या न्यायालयीन निर्णयांमुळे शपथपत्रातून उघड करावी लागते. नेत्याचे व्यक्तिमत्त्व पारखतानाही दिसणाऱ्या गुणांपेक्षा पडताळता येणारे गुण महत्त्वाचे आहेत : त्याच्या पक्षात त्याच्याशी असहमत होणाऱ्याला स्थान उरते का, प्रतिकूल निकाल आल्यावर तो संस्थांचा मान राखतो का, अवघड प्रश्न विचारणाऱ्या पत्रकारांना सामोरा जातो का, आणि फसलेला निर्णय मागे घेण्याचे धैर्य त्याच्याकडे आहे का.

या सर्व तुलनेत निर्णायक ठरावी अशी कसोटी पाच वर्षांनंतरच्या दिवसाची आहे. केवळ व्यक्तीवरील विश्वासापोटी मत दिलेले असेल, तर विश्वास कायम आहे की उडाला, एवढेच मतदार पुढच्या वेळी सांगू शकतो; परंतु निश्चित धोरणासाठी मत दिलेले असेल, तर कोणते काम झाले, कोणते रखडले आणि का रखडले, हे तो नेमकेपणाने विचारू शकतो, आणि कितीही लोकप्रिय नेता असला तरी त्याला त्या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. नेत्यावर विश्वास ठेवण्यास लोकशाहीचा विरोध नाही. तो विश्वास तपासून पाहण्याचे साधन मतदाराने स्वतःच्या हाती राखावे, एवढाच तिचा आग्रह आहे, आणि ते साधन धोरणाच्या स्पष्ट मागणीतूनच मिळते.