तक्रारीचा पत्ता

गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर प्रकल्पाला आचारसंहिता जोडायला मिनिटभरसुद्धा लागत नाही. तयार नमुना निवडायचा, बटण दाबायचं, फाइल आली. या नमुन्यांत सगळ्यांत जास्त चालणारा म्हणजे कॉन्ट्रिब्यूटर कव्हेनंट. कोरलाइन अडा एम्की यांनी तो २०१४ मध्ये लिहिला. सभ्य भाषा वापरा, कुणाला छळू नका, कुणाची खासगी माहिती उघड करू नका, असा त्याचा रोख. पण मजकुरात एक जागा चौकोनी कंसात मोकळी सोडलेली असते: तक्रार कुठे करायची तो पत्ता इथे घाला. कितीतरी प्रकल्पांत हा कंस जसाच्या तसा पडलेला दिसतो. लग्नपत्रिका छापून वाटावी आणि स्थळापुढे ‘येथे कार्यालयाचे नाव लिहावे’ असंच राहून जावं, तशातली गत.

हा कंस भरायला खरोखर काय काय लागतं, ते लिनक्स कर्नलच्या उदाहरणावरून चांगलं कळतं, कारण तिथे सगळं उघड्यावर घडलं.

कर्नलचं काम १९९१ पासून चालू आहे आणि ते मुख्यतः ईमेलवर चालतं. तुम्ही एक बदल, म्हणजे पॅच, पाठवता. त्या भागाचा मेंटेनर, म्हणजे राखणदार, सगळ्यांदेखत त्याची चिरफाड करतो. चिरफाड हवीच, नाहीतर जगभरच्या सर्व्हरांत आणि फोनांत सदोष कोड जाईल. अडचण अशी की खुद्द कर्नलचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांची चिरफाड पुष्कळदा कोडवरून माणसावर घसरायची, आणि तीही शिवराळ भाषेत. मार्च २०१५ मध्ये यावर उपाय म्हणून ‘कोड ऑफ कॉन्फ्लिक्ट’ नावाचा छोटासा मजकूर आला. तुमच्या कोडवर कठोर टीका होणारच, पण वैयक्तिक अपमान झाला असं वाटलं तर तांत्रिक सल्लागार मंडळाला कळवा, एवढाच त्याचा आशय. थोडक्यात, पत्ता होता. कळवल्यावर मंडळ काय करणार, दोषी ठरलेल्याचं काय होणार, याबद्दल ठोस काही नव्हतं. अशा पत्त्यावर सहसा कुणी लिहीत नाही. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच हातात आपला पुढचा पॅच असतो.

१६ सप्टेंबर २०१८ रोजी कर्नलच्या ४.१९ या आवृत्तीच्या चौथ्या चाचणी आवृत्तीची घोषणा करताना लिनस यांनी आपल्या वागण्याबद्दल माफी मागितली आणि काही काळ बाजूला होत असल्याचं सांगितलं. ४.१९ मग ज्येष्ठ मेंटेनर ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी पूर्ण केली. त्याच चाचणी आवृत्तीत जुना मजकूर निघाला आणि त्या जागी कव्हेनंटची १.४ आवृत्ती बसली.

उसना सदरा अंगाला लगेच कुठे बसतो? कव्हेनंट म्हणतं, कुणाचा ईमेल पत्ता परवानगीशिवाय प्रसिद्ध करू नका. कर्नलमध्ये तर प्रत्येक पॅचखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ची ओळ असते, तीत नाव आणि ईमेल पत्ता असतो आणि ती इतिहासात कायमची राहते. मग रोजचं काम हाच गुन्हा ठरायचा की काय? दुसरं, नियम न राबवणाऱ्या मेंटेनरवरही कारवाई होऊ शकते असं त्यात होतं. फावल्या वेळात काम करणारे मेंटेनर धास्तावले. सदरा टाकून देण्याऐवजी ऑक्टोबरमध्ये, ४.१९ बाहेर पडण्याआधी, त्याला अस्तर लावण्यात आलं: आचारसंहितेचा अर्थ कर्नलपुरता कसा घ्यायचा, हे सांगणारा दुसरा दस्तऐवज.

माझ्या मते खरी आचारसंहिता स्वीकारली गेली ती तेव्हा. यात तक्रारीसाठी स्वतंत्र ईमेल पत्ता आला आणि तिथली पत्रं कोण वाचतं हेही लिहिलं गेलं: एक समिती आणि एक मध्यस्थ. मध्यस्थ म्हणून वकील मिशी चौधरी यांना नेमलं. पॅच घेण्या-नाकारण्याशी त्यांचा संबंध नव्हता, आणि नेमणुकीतली मेख तीच. समितीचा निर्णय सल्लागार मंडळ दोन-तृतीयांश मतांनी फिरवू शकतं. आलेल्या तक्रारींचा गोषवारा नावं वगळून वेळोवेळी प्रसिद्ध करायचा असतो.

उरला दंड. कव्हेनंटच्या दुसऱ्या आवृत्तीत मोझिलाच्या धर्तीवर चार पायऱ्या आल्या: समज, ताकीद, काही काळ बंदी, कायमची बंदी. कर्नलने स्वतःची पद्धत नोव्हेंबर २०२४ मध्ये तपशिलात लिहिली, आणि त्याच महिन्यात ती एका बिनीच्या विकासकावर चाललीही. बीकॅशएफएस या फाइल-सिस्टीमच्या प्रमुखाने सप्टेंबरमध्ये सहकाऱ्याला उद्देशून अपशब्द वापरले होते. जाहीर माफी न आल्याने ६.१३ या आवृत्तीपुरते त्याचे बदल घ्यायचे नाहीत असं ठरलं. त्याच्या कोडची वाट पाहणारे वापरकर्ते साहजिकच वैतागले. दंडाची किंमत दंड करणाऱ्यालाही मोजावी लागते, हे आधीच धरून चालावं.

आणि तक्रार वरच्या मंडळीविरुद्धच असेल तर? रस्ट या भाषेच्या समुदायात नोव्हेंबर २०२१ मध्ये अख्ख्या नियमन चमूने राजीनामा दिला. गाभा चमू कुणालाच उत्तरदायी नाही, असं त्यांनी कारण दिलं. तिथे कंस कधीचा भरलेला होता.

दोन-तीन माणसांच्या प्रकल्पाला एवढा पसारा अर्थातच नको. पत्र वाचणारे दोघे असावेत, एकाच कंपनीतले नसावेत, आणि त्यातल्या एकाविरुद्ध तक्रार आली तर तिसरा कोण हे आधीच ठरलेलं असावं. फाइल जोडण्याआधी त्या पत्त्यावर एक लुटुपुटीची तक्रार धाडून पाहावी. मी एका प्रकल्पात धाडली होती. अकराव्या दिवशी ती स्पॅममध्ये सापडली, तीही मीच विचारल्यावर.