सर्व्हरची हार्ड डिस्क जायला आली हे कसं ओळखायचं? आणि सगळ्यात आधी काय करायचं?

समजा, एका छोट्या ऑफिसात लिनक्सवर चालणारा सर्व्हर आहे. बिलं, हिशेब, ग्राहकांची माहिती, सगळं त्याच्यावरच. एका सकाळी साधी फाईल उघडायलाही मिनिटभर लागतं. उघडली तर सेव्ह होत नाही, 'रीड-ओन्ली' असा मेसेज येतो. कुणीतरी सुचवतं, "एकदा बंद करून चालू करून बघू."

इथंच थांबायला हवं.

अनेक लिनक्स सर्व्हरवर फाईल सिस्टीममध्ये गडबड आढळली की लिहिणं आपोआप बंद होतं. म्हणजे नुकसान वाढू नये म्हणून सर्व्हरनेच ब्रेक लावलेला असतो. अशा वेळी रिस्टार्ट केलं तर कमजोर डिस्क पुन्हा सुरू होईलच याची खात्री नसते.

मग दोष डिस्कचाच आहे हे कसं कळणार?

पहिली जागा म्हणजे कर्नलचा लॉग. 'डीमेसेज' ही कमांड दिली की तो दिसतो. त्यात डिस्कच्या नावासमोर 'आय/ओ एरर' पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर संशय पक्का होतो.

दुसरी जागा म्हणजे 'स्मार्ट'. प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते आणि 'स्मार्टसीटीएल' हे टूल ती वाचून दाखवतं. त्यात वर 'पास्ड' लिहिलेलं बघून अनेक जण निर्धास्त होतात. पण खरी गोष्ट खालच्या आकड्यांत असते. ५ नंबरची नोंद सांगते की किती खराब सेक्टर बदलावे लागले. १९७ आणि १९८ सांगतात की किती सेक्टर वाचताच येत नाहीत. हे आकडे वाढत असतील तर डिस्क बदलायची वेळ आली. फक्त १९९ वाढत असेल, तर आधी केबल तपासायची. कधीकधी डिस्क ठणठणीत असते आणि दोष केबलचा निघतो.

आकडे शून्य असले म्हणजे डिस्क चांगली, असंही नाही. गुगलने २००७ मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कमध्ये स्मार्टच्या चार मुख्य धोक्याच्या नोंदी शून्यच होत्या.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी कॉपी, मग तपासणी, शेवटी दुरुस्ती.

डिस्क वाचता येत असेल तर ज्याचा बॅकअप नाही तो डेटा आधी दुसऱ्या डिस्कवर घ्यायचा. स्मार्टची लाँग टेस्ट नंतर करायची, कारण ती कित्येक तास चालते आणि तेवढा वेळ डिस्कला राबवते. साध्या कॉपीत अडथळे येत असतील तर 'डीडीरेस्क्यू' वापरतात. हे टूल आधी चांगला भाग उचलतं आणि खराब जागांकडे नंतर वळतं. फक्त जुनी डिस्क कुठली आणि नवी कुठली, हे दोनदा तपासायचं. उलटं झालं तर उरलेला डेटाही जातो.

'एफएससीके' ही दुरुस्तीची कमांड डिस्कवर लिहिते. त्यामुळे ती मरणाऱ्या डिस्कवर चालवायची नाही, कॉपीवर चालवायची.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र हे काहीच करायचं नाही. सर्व्हर बंद करायचा. डेटा लाखमोलाचा असेल तर थेट डेटा रिकव्हरीवाल्यांकडे जायचं.

"आपल्याकडे रेड आहे की," असंही कुणी म्हणेल. रेडमध्ये एक डिस्क गेली तरी काम चालू राहतं, पण चुकून डिलीट झालेली फाईल सगळीकडूनच डिलीट होते. म्हणजे रेड हा बॅकअप नाही. शिवाय डिस्क बदलताना सीरियल नंबर जुळवूनच काढायची. घाईत चांगली डिस्क बाहेर आली, तर उरते ती मरणारीच.

आणि बॅकअप आहे असं वाटत असेल, तर त्यातली एक फाईल आजच परत उघडून बघा. ती उघडली, तरच तो बॅकअप.