एवढासा मासा एवढा मोठा होतो तेव्हा

रात्रीचे अकरा वाजून गेले होते आणि आपाचा फोन आला. "अरे, मासा पागल झालाय. काचेला धडका मारतोय. टँक फुटला तर घरभर पाणी होईल. तू ये बाबा लवकर."

माझी मोठी बहीण सहसा घाबरत नाही. म्हणून स्कूटर काढली. घरी गेलो तर हॉलमध्ये सगळे जागे. टँकच्या झाकणावर चक्क मसाल्याचा पाटा ठेवलेला. भाच्याच्या उजव्या हाताला रुमाल गुंडाळलेला. आणि पाण्यात तो, जवळजवळ दोन फूट लांब, काळसर पाठ, पांढरा पट्टा, लालभडक शेपूट. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत झेप घ्यायचा, धाडकन काचेवर आपटायचा, मग तळाशी पडून जोरजोरात कल्ले हलवायचा. कोपऱ्यात दुसरा मासा शेपूट फाटलेल्या अवस्थेत भिंतीला चिकटून उभा.

हे तीन मासे भाच्याने दोन वर्षांपूर्वी ईदीच्या पैशांतून आणले होते. तिन्ही बोटाएवढे. एक 'रेड टेल', एक 'शार्क' आणि काच साफ करतो म्हणून एक 'सकर'. तिन्ही कॅटफिश, म्हणजे आपल्या मागूर-शिंगाळ्याच्या गोतातले, मिशावाले, बिनखवल्यांचे मासे. दुकानदाराने सांगितले होते, "टँक जेवढा, मासा तेवढाच वाढतो."

हे वाक्य महाराष्ट्रात किती घरांत ऐकले गेले असेल कोण जाणे. मी विज्ञान शिकवतो, तरी मला स्वतःलाही ते खरे वाटले होते, हे आधी कबूल करतो. ते खरे नाही. लहान टँकमध्ये मासा कधी खुरटतो, पण तो खराब पाण्यामुळे आणि आजारपणामुळे. जागा कमी आहे म्हणून समजुतीने थांबत नाही.

रेड टेल कॅटफिश हा ॲमेझॉन आणि ओरिनोको या दक्षिण अमेरिकेतील नद्यांच्या खोऱ्यांतला. ब्राझीलमध्ये त्याला 'पिरारारा' म्हणतात. पूर्ण वाढ झाली की मीटरभराहून लांब आणि चाळीस किलोंच्या वर जातो. मासे, खेकडे आणि पुरात पाण्यावर पडलेली फळेसुद्धा खातो. दिवसा पडून राहायचे आणि अंधारात भक्ष्य शोधायचे, हा त्याचा दिनक्रम. तोंड एवढे मोठे की जे आत मावेल ते अन्न. म्हणून पहिल्या वर्षी आपाच्या टँकमधले चार गोल्डफिश आणि दोन एंजल एकेक करून 'गायब' झाले. घरात संशय मांजरीवर होता.

दुसरा, ज्याला दुकानात शार्क म्हणतात, तो शार्क नाहीच. तो मेकाँग आणि चाओ फ्राया नद्यांचा पंगास. तोही मीटरभर वाढतो. आंध्रात त्याची मोठ्या प्रमाणावर शेती होते, आणि हॉटेलात 'बासा' म्हणून काटे नसलेले जे पांढरे तुकडे आपण खातो, ते बहुतेक याचेच. हे भाच्याला सांगितल्यापासून त्याने फिश फिंगर सोडले. नदीत हा थव्याने राहतो आणि अंडी घालायला शेकडो किलोमीटर प्रवास करतो. टँकमध्ये एकटा ठेवला की सावलीलाही दचकतो आणि भीतीने काचेवर नाक फोडून घेतो. म्हणजे एकाच टँकमध्ये एक शिकारी आणि एक भित्रा. त्यात टँकचे माप चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. पाणी काठोकाठ भरले तरी अडीचशे लिटर. दोन फुटांचा मासा दीड फूट रुंदीत सरळ वळूसुद्धा शकत नाही, त्याला अंग मुडपावे लागते.

पण हे तर कित्येक महिन्यांपासून तसेच होते. मग त्याच रात्री काय बिनसले? मी आपाला विचारले, "गेल्या चार दिवसांत टँकमध्ये काय बदललं?"

"काही नाही रे. उलट ईदच्या आधी लख्ख धुऊन काढला. फिल्टरचा स्पंज किती घाण झाला होता! नळाखाली पावडर लावून घासला."

तिथेच घोटाळा होता. मासा कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतो. अमोनिया माशाला विष. फिल्टरच्या स्पंजवर जी तपकिरी 'घाण' दिसते तिच्यात कोट्यवधी जिवाणू असतात. ते अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने सौम्य. नळाच्या पाण्यातले क्लोरीन आणि वर धुण्याची पावडर, म्हणजे ती सगळी वस्ती एका दुपारीत साफ. ती पुन्हा बसायला काही आठवडे लागतात. तोवर अमोनिया साचत राहतो, कल्ले भाजल्यासारखे होतात, मासा धापा टाकतो, उसळ्या मारतो. बघणाऱ्याला वाटते चिडला आहे. स्पंज धुवायचाच असेल तर टँकमधूनच बादलीभर पाणी काढून त्यात हलकेच पिळायचा, एवढेच.

त्यात ईदचे पाहुणे. तीन दिवस घर भरलेले, रात्री दोनपर्यंत दिवे चालू. पोरांनी 'मासा बघा कसा गिळतो' म्हणत चिकनचे तुकडे टाकले. एवढ्या मोठ्या रेड टेलला आठवड्यातून एक-दोनदा खाणे पुरते. जास्त खाल्ले की तो पोट फुगवून पडून राहतो, आणि घाबरला तर ओकतो. ओकलेले मांस तळाशी कुजते आणि अमोनियात आणखी भर. आफ्रिकन मागूरची शेती करणाऱ्यांसाठी जे प्रयोग झाले, त्यांत एक गोष्ट दिसली आहे. दिवे सतत चालू ठेवले तर हे मासे एकमेकांना जास्त चावतात, अंधार मिळाला तर शांत राहतात आणि वाढतातही चांगले. निशाचर प्राण्याला रात्रच मिळाली नाही तर दुसरे काय होणार?

शिवाय पोरे काच वाजवत होती. आपल्याला टकटक म्हणजे काहीच नाही. कॅटफिशच्या शरीरात हवेची पिशवी आणि अंतर्कर्ण यांना जोडणारी बारीक हाडांची साखळी असते. पिशवी थरथरली की आवाज थेट कानात. आपण काचेवर टिचकी मारतो तेव्हा जणू त्याच्या कानाशी दार आपटतो.

या माशांच्या ज्ञानेंद्रियांबद्दल वाचू लागलो आणि त्यात रमलो, ते थोडे सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्यांच्या मिशांवरच नव्हे, अंगभर चवीच्या कलिका असतात. पूर्ण शरीर म्हणजे जीभच म्हणा. अमेरिकेतल्या पिवळ्या बुलहेड कॅटफिशवरचे एक संशोधन १९६७ साली प्रसिद्ध झाले. त्यात दिसले की हे मासे एकमेकांना वासाने ओळखतात. दृष्टी गेली तरी ओळख राहते, घ्राणेंद्रिय निकामी केले तर जाते. कोण वरचढ, कोण दबून राहणारा, हे त्या ओळखीवर ठरते. म्हणजे धुतलेल्या टँकमध्ये आणि घाण पाण्यात आपण त्यांच्या दृष्टीने काय काय पुसून टाकतो किंवा गढूळ करतो, याचा विचार करावा.

त्याहून नवल विजेचे. १९१७ मध्ये पार्कर आणि व्हान ह्यूझेन या अमेरिकन संशोधकांनी पाहिले, की न दिसणाऱ्या कॅटफिशजवळ काचेची कांडी नेली तर तो स्पर्श होईपर्यंत स्वस्थ असतो, पण धातूची कांडी जवळ येताच हालचाल करतो. धातूमुळे पाण्यात जो अतिशय क्षीण प्रवाह तयार होतो, तो त्याला जाणवतो. जपानमध्ये तर भूकंप हा जमिनीखालच्या नामाझू नावाच्या कॅटफिशमुळे होतो अशी जुनी लोककथा आहे. १९३० च्या दशकाच्या आरंभी हाताई आणि आबे यांनी टँकमधल्या कॅटफिशची भूकंपापूर्वीची बेचैनी नोंदवली होती, तीही टँकचे पाणी जमिनीशी जोडलेले असतानाच. त्यावरून भूकंप सांगता येतो असे मात्र कोणी समजू नये.

हे आठवले म्हणून आपाच्या टँकमागे हात घातला. तिथे हीटर, तोही चालू! सोलापूरच्या उन्हात पाणी तापवायचा हीटर! टँकबरोबर दुकानातून आला आणि प्लगमध्ये राहिला. वायरीचे रबर एका जागी तडकलेले होते. प्रवाह गळत होता की नाही, माझ्याकडे मोजायला साधन नव्हते. पण असे यंत्र पाण्यात असणे माशाइतकेच पोरांनाही धोक्याचे. शिवाय गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. प्लग आधी काढला, मगच पाण्यात हात घातला.

भाच्याच्या हाताचे म्हणाल तर तो उसळणाऱ्या माशाला 'शांत करायला' गेला होता. रेड टेलला सुळे नसतात, पण जबड्यात बारीक दातांच्या खरखरीत पट्ट्या असतात, कानशीसारख्या. हात ओढला की साल निघते. जखम साबणाने धुऊन सकाळी डॉक्टरांना दाखवली.

त्या रात्री दिवे मालवले, टँकवर चादर टाकली, मेलेले तुकडे उपसले आणि तिसरा हिस्सा पाणी बदलले. आमच्याकडे नळाला दिवसाआड नव्हे, चार-पाच दिवसांआड पाणी येते. ऐंशी लिटर साठवलेले पाणी माशासाठी काढताना आपाचा चेहरा मी विसरणार नाही. टाकीतले पाणी चार दिवसांचे असल्यामुळे क्लोरीन उडून गेले होते, हा त्यातला एकच फायदा. चार दिवस खाणे बंद, रोज थोडे पाणी बदलणे. तिसऱ्या दिवशी धडका थांबल्या. फाटक्या शेपटीच्या पंगासला प्लास्टिकच्या टबात वेगळे ठेवले होते. तो वाचला नाही.

मग दूल्हेभाई म्हणाले, "बस झालं. उद्या कंबर तलावात सोडून येतो. त्यालाही मोकळं, आपल्यालाही मोकळं."

भाचा रडायला लागला, पण त्याचे कारण वेगळे होते. मला मात्र भीती वाटली ती तलावाची. घरातले मोठे झालेले मासे असेच 'मोकळे' केले जातात. काच साफ करणारा तो सकर उजनीत मच्छीमारांच्या जाळ्यात येऊ लागल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात, तो काठात बिळे करून माती ढासळवतो, आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही. आफ्रिकन मागूर, ज्याला आपण थाई मागूर म्हणतो, तो स्थानिक मासे संपवतो म्हणून २००० साली त्याच्या पालनावर देशात बंदी आली, तरी तो गेलेला नाही. उजनीवर किती कुटुंबांची चूल पेटते आणि आमच्या शहराची तहान कशी भागते, हे सोलापूरकराला सांगायला नको.

दूल्हेभाई गप्प झाले, पण प्रश्न सुटला नाही. दुकानदाराने परत घ्यायला नकार दिला. "एवढा मोठा कोण घेणार?" म्हणाला, आणि त्याच क्षणी त्याच्या काउंटरवर बोटाएवढ्या रेड टेलची पिशवी लोंबत होती. दोन मत्स्यालयांना फोन केले. दोघांकडेही लोकांनी नको म्हणून आणून दिलेले असेच मासे आधीच होते. शेवटी सहकारी शिक्षकाच्या ओळखीने शहराबाहेर एक गृहस्थ मिळाले, ज्यांनी मोठ्या माशांसाठी बारा फूट लांब, आठ फूट रुंद सिमेंटचा हौद बांधला आहे. वर जाळी, बाहेर जाणाऱ्या पाण्यालाही जाळी, ते पाणी पेरूच्या बागेला. मासा ओल्या चादरीत उचलून मोठ्या ड्रममध्ये घातला आणि रिक्षा-टेम्पोने नेला. हा मासा वीस-वीस वर्षे जगू शकतो, म्हणून त्या हौदातही तो कायमचा मावेल याची खात्री त्या गृहस्थांनी दिली नाही. मला ते आवडले.

भाचा महिन्यातून एका रविवारी जातो. हौदाच्या काठावर पाय आपटत नाही, आता त्याला कळते. घरच्या टँकमध्ये गप्पी आणले आहेत. तळाशी सकर आहेच. परवा त्याला पट्टीने मोजले, तर तो अकरा इंच भरला. आपा म्हणते, "हा तरी इथेच थांबेल ना?"