तीन महिन्यांत दिग्दर्शक होता येतं का?

समोर कॉलेजची मुलं दिसतायत, आणि मागच्या रांगांमध्ये त्यांचे आईवडीलही बसलेत. आज मला दोघांशीही बोलायचंय, कारण या विषयात स्वप्न एकाचं असतं आणि पैसे बहुतेक वेळा दुसऱ्याचे असतात.

विषय असा: चित्रपट दिग्दर्शन आणि निर्मितीचे जे छोटे अभ्यासक्रम निघालेत, आठ दिवसांचे, महिन्याचे, तीन किंवा सहा महिन्यांचे, त्यांत काय शिकता येतं, काय येत नाही, आणि पैसे भरण्याआधी काय विचारायचं.

आधी माझी गोष्ट सांगतो. बारावीनंतर मी मुंबईला असाच एक सहा महिन्यांचा कोर्स केला. वडिलांनी पतसंस्थेतून कर्ज काढलं होतं. वर्गात आम्ही चाळीस जण आणि कॅमेरा एकच. मला हिशेब लिहून ठेवायची सवय आहे, म्हणून सांगू शकतो: सहा महिन्यांत तो कॅमेरा माझ्या हातात एकूण पन्नास मिनिटं होता. शेवटी सगळ्यांची मिळून एक फिल्म झाली, तिची प्रतसुद्धा आम्हाला मिळाली नाही. प्रमाणपत्र मात्र छान जाड कागदाचं होतं. घरी आलो तेव्हा वडिलांनी रागावून नाही, अगदी साधेपणानं विचारलं, "काय शिकलास?" मला सांगता येईना. त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला पुढे काही वर्षं लागली. तुमची तेवढी वर्षं वाचावीत, एवढाच आजचा हेतू.

आता कुणी म्हणेल, म्हणजे छोटे कोर्स फसवे असतात. तसं नाही. आपल्या चित्रपटसृष्टीची सुरुवातच एका छोट्या कोर्सनं झाली असं म्हटलं तरी चालेल. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनला गेले. तिथे ते थोडेच दिवस होते. सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत त्यांनी काम कसं चालतं ते पाहिलं, विल्यमसन कॅमेरा घेतला आणि परत आले. १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर होता. पण जाण्याआधी त्यांच्याकडे काय होतं ते बघा. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि बडोद्याचं कलाभवन इथलं शिक्षण, छायाचित्रणाचा अनुभव, छपाईचा व्यवसाय, जादूचे प्रयोगसुद्धा. आल्यावर भांडवल उभं करायला त्यांनी एका बीला अंकुर फुटून रोप कसं वाढतं याचं चित्रीकरण करून लोकांना दाखवलं. म्हणजे लंडनच्या थोड्या दिवसांनी विरजणाचं काम केलं. दूध घरचं होतं. छोट्या कोर्सकडे आपण याच नजरेनं बघायचं. विरजण विकत मिळतं, दूध मिळत नाही.

दुसरी वाट उमेदवारीची. कोल्हापुरात बाबुराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत शांताराम पडेल ते काम करत शिकले. १९२९ साली त्यांनी दामले, फत्तेलाल आणि इतर सहकाऱ्यांबरोबर प्रभात सुरू केली. ती पुढे पुण्याला आली, आणि त्याच प्रभातच्या जागेत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. मोठा, काही वर्षांचा अभ्यासक्रम ही तिसरी वाट. ते सगळ्यांना जमत नाही. जागा कमी, स्पर्धा मोठी आणि घरची अडचण. म्हणून छोट्या अभ्यासक्रमांची गरज खरी आहे. स्वतः पुण्याच्या एफटीआयआयनं २०१७ पासून 'स्किफ्ट' या नावानं देशात ठिकठिकाणी छोटे अभ्यासक्रम घेतले. आणि तिथला चित्रपट रसास्वादाचा उन्हाळी वर्ग तर कितीतरी जुना. त्यात कॅमेरा शिकवत नाहीत, सिनेमा बघायला शिकवतात. ज्यांना नेमकं काय करायचंय ते अजून ठरलेलं नाही, त्यांनी सुरुवात तिथून केली तर पैसे वाया जात नाहीत.

बरं, आता प्रत्यक्ष काय शिकता येतं? एक उदाहरण घेऊ. एका पानाचा प्रसंग आहे. संध्याकाळ, पत्र्याचं घर. आई चुलीपुढे भाकऱ्या थापतेय. बारा वर्षांचा मुलगा येतो, दारात घुटमळतो आणि सांगतो, "मी नापास झालो." आई काही बोलत नाही. तव्यावरची भाकरी करपते. संपला प्रसंग.

दिग्दर्शनाच्या वर्गात याचे शॉट पाडायला शिकवतात. समजा पाच पाडले. एक, मुलगा दारातून येतो, मागे चुलीपाशी आई, असा लांबून. दोन, फक्त आईचे हात. तीन, मुलाचा चेहरा, तो सांगतो. चार, आईचा चेहरा. पाच, दोघंही, आणि मध्ये करपणारी भाकरी. मुलगा आईच्या डावीकडे बघून बोलत असेल, तर आई कुठे बघेल, कॅमेरा दोघांच्या कुठल्या बाजूला ठेवायचा, हे नियम आहेत. ते आठवड्याभरात शिकता येतात. कुठेही शिका, सारखेच आहेत.

निर्मितीच्या वर्गात याच पानाकडे वेगळं बघतात. आई चार शॉटमध्ये भाकरी करतेय. प्रत्येक शॉटचे चार टेक धरले तर सोळा भाकऱ्या. तालमीच्या धरून वीस. पीठ तेवढं हवं. पाचव्या शॉटमध्ये करपलेली भाकरी दर टेकला पुन्हा पहिल्यासारखी हवी. चुलीचा धूर मुलाच्या डोळ्यांत जाणार. आणि मुलगा बारा वर्षांचा आहे. कायद्याच्या नियमांनुसार बालकलाकाराकडून दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. शिवाय जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. आता एका शॉटला तयारीसकट तास धरा. पटकथेच्या क्रमानं घेतलं तर मुलगा पहिल्या शॉटपासून पाचव्यापर्यंत सेटवर अडकतो. पाच तास तिथेच संपले, आणि एखादा शॉट लांबला की नियम मोडला. म्हणून एक, तीन, पाच हे शॉट आधी घ्यायचे, मध्ये विश्रांती द्यायची आणि मुलाला घरी पाठवायचं. मग दोन आणि चार. चौथ्या शॉटला मुलाची वाक्यं सहायक दिग्दर्शक म्हणेल.

पण इथे एक पेच येतो. आईचं काम करणाऱ्या नटीला शेवटची शांतता आधी करायची आहे, आणि ऐकल्याचा पहिला धक्का नंतर. तिला तिथपर्यंत कसं न्यायचं? ते दिग्दर्शन. शॉट पाडणं वर्गात येतं, वेळापत्रक वर्गात येतं. हे मात्र माणसांबरोबर काम करून, चुकून, पुन्हा करून येतं. कुठलाही तीन महिन्यांचा कोर्स ते देऊ शकत नाही, आणि देतो म्हणत असेल तर तिथून उठावं.

मग चांगला कोर्स कुठला? फी भरण्याआधी पाच प्रश्न विचारा.

पहिला: किती विद्यार्थ्यांमागे एक कॅमेरा आणि एक एडिटिंग मशीन? दहा-बाराच्या वर आकडा गेला तर बघ्याची भूमिका येते.

दुसरा: प्रत्येकाला स्वतःची फिल्म करायला मिळते का, दोन मिनिटांची का होईना? गटाच्या फिल्ममध्ये दिग्दर्शक एकच होतो.

तिसरा: केलेलं काम कुणीतरी बसून तपासतं का? लेखकाला जसं लिहिलेलं वाचून घ्यावं लागतं तसं. शूट करणं निम्मं शिक्षण, आणि टेबलावर बसून "हा शॉट का लागला नाही" हे कळणं उरलेलं निम्मं.

चौथा: फिल्म कुणाची? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता. दिग्दर्शक नव्हे. तेव्हा तुमच्या फिल्मचा निर्माता कोण, प्रत मिळणार का, महोत्सवाला पाठवता येणार का, हे लेखी घ्या. मी घेतलं नव्हतं.

पाचवा: मागच्या तुकडीतल्या दोघांशी बोलायला मिळेल का? भिंतीवरचे प्रसिद्ध लोकांबरोबरचे फोटो बघू नका. मागच्या वर्षीचा मुलगा आज काय करतोय ते विचारा.

कोर्सनंतर काय, हेही सांगतो. दिग्दर्शक म्हणून कुणी बोलावत नाही. शेवटचा सहायक म्हणून जाता. क्लॅप द्यायची, कंटिन्युइटी लिहायची, नटांना वेळेवर सेटवर आणायचं. मला खरं शिक्षण दिलं ते एका प्रॉडक्शन मॅनेजरनं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला कॉल शीट लिहायला बसवलं आणि म्हणाले, "साठ माणसांचं जेवण एक वाजता आलं नाही, तर तुझा क्लोजअप कुणी लावणार नाही." तेव्हा राग आला होता. पण कोर्समध्ये कॉल शीट हा शब्द आणि तिचा नमुना शिकलो होतो, म्हणून ते काम मला मिळालं. छोट्या कोर्सचा खरा उपयोग एवढाच, आणि तो काही कमी नाही. सेटवर उभं राहिल्यावर चाललेली भाषा कळते.

पालकांना एक विनंती. कर्ज काढून फी भरू नका. हातात जेवढे असतील त्यांचे दोन भाग करा. एक कोर्ससाठी. दुसरा नंतरच्या सहा महिन्यांसाठी, राहण्या-खाण्याचा. कारण सुरुवातीची कामं कमी पैशांची असतात, आणि पहिल्या तीन महिन्यांत परत येणारी बरीच मुलं घरभाड्याला हरून परत येतात.

आणि मुलांनो, तुम्हाला गृहपाठ. घरी जा, आईची किंवा आजीची रोजची एखादी गोष्ट निवडा. मोबाइलवर पाच शॉट घ्या, संवाद नको. जोडा. शेजारच्याला दाखवा आणि काहीही न सांगता विचारा, काय कळलं? असं दहा वेळा करा. दहाव्यांदाही करावंसं वाटलं, तर खुशाल कोर्सला जा. तिथे विचारायला तुमच्याकडे प्रश्न असतील. आणि परत आल्यावर वडिलांनी विचारलं, "काय शिकलास?", तर दाखवायला काहीतरी असेल.